वारस पंधरा, घर बेवारस

मार्च हा नगरपालिकांच्या सुगीचा महिना. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, वसुलीची टक्केवारी वर कळवायची असते आणि पथकं गल्लोगल्ली फिरू लागतात. कुठे थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजते, कुठे बड्या थकबाकीदारांची नावं चौकातल्या फलकावर लागतात, नळ तोडले जातात, गाळ्यांना सील ठोकलं जातं. ही सगळी हत्यारं माणूस राहतो त्या घरात चालतात. पाणी बंद झालं की दुसऱ्या दिवशी घरचं कुणीतरी पैसे घेऊन पालिकेच्या खिडकीवर उभं राहतं. पण ज्या दाराच्या कडीला गंजलेलं कुलूप आहे आणि उंबऱ्याशी गुडघाभर गवत आहे, तिथे हलगी ऐकणार कोण? नळ केव्हाच कोरडा पडलेला. जप्त करावं असं सामान आत नाही. फलकावर नाव लावावं, तर बिलावर ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ वारून कित्येक वर्षं झालेली. पथक दारावर नोटीस डकवतं, मोबाइलवर फोटो काढतं, पंचांच्या सह्या घेतं आणि पुढच्या घराकडे वळतं. थकबाकी पुढच्या वर्षाच्या मागणीत जाते आणि घर आणखी एका पावसाळ्याला सामोरं जातं.

उरुण-इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचं ठिकाण, २०११ च्या जनगणनेत सुमारे ६७ हजार वस्तीचं. राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये ‘ईश्वरपूर’ या नामांतराची घोषणा केली. पंचक्रोशीच्या तोंडी जुनं नाव रुळलेलं आहे, म्हणून या लेखात तेच ठेवलं आहे. साखराळ्याचा राजारामबापू पाटील साखर कारखाना, राजारामनगरचं अभियांत्रिकी महाविद्यालय, पेठ नाक्याहून सांगलीकडे जाणारा रस्ता यांच्या आधाराने गाव बाहेर पसरत गेलं. उसाचा पैसा प्लॉटांत आला, प्लॉटांवर बंगले उठले, मग अपार्टमेंट उभी राहिली. त्याच काळात दगडी जोत्यांची, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींची, खणांत मोजली जाणारी घरं असलेलं जुनं गावठाण आतून रिकामं होऊ लागलं. हे एकट्या इस्लामपूरचं दुखणं नाही. आष्टा, तासगाव, कराड, वाई अशा कृष्णेच्या खोऱ्यातल्या कुठल्याही जुन्या बाजारपेठेत शिरा. गजबजलेल्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलं की एखादं आढं कोसळलेलं घर आणि त्याच्या शेजारी एखादी बखळ दिसतेच.

पांढऱ्या मातीची भिंत उन्हाला दाद देत नाही, थंडीला देत नाही, पण डोक्यावरचं छप्पर गेलं की पाण्यापुढे ती हरते. आधी चार कौलं सरकतात. ती परत जागेवर सरकवायला घरात कुणी नसतं, म्हणून पाणी वाशांत मुरतं, वासा कुजतो, आढं खचतं. मग पाऊस थेट भिंतीच्या माथ्यावर पडतो. भिंत आतून भिजून फुगते, तिला पोट येतं. पिंपळाचं रोप सांध्यात मूळ धरतं. गावठाणात दोन घरांमध्ये अनेकदा एकच सामाईक भिंत असते. त्यामुळे बंद घर कोसळताना शेजारच्या नांदत्या घराची बाजूही उघडी पाडतं. पडलेल्या घरात कचरा येतो, साचलेल्या पाण्यात डास होतात, पावसाळ्यात सापविंचवाचं भय असतं. न भरलेल्या घरपट्टीची झळ अशी शेवटी नियमाने घरपट्टी भरणाऱ्या शेजाऱ्याला बसते.

घर कुलूपबंद होतं कसं?

साताऱ्या-सांगलीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली आहेत. मुंबईच्या गिरण्यांत या दोन्ही जिल्ह्यांचे कामगार मोठ्या संख्येने होते. १९८२ च्या संपानंतर काही परतले, बरेचसे तिकडेच राहिले. खानापूर, विटा, आटपाडी भागातले लोक सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरले. पुढच्या पिढीला पुणे जवळ आलं. गावचं घर मात्र विकायचं नाही, असं ठरलेलं. जत्रेला यायला, देव्हाऱ्याला, म्हातारपणी टेकायला ते हवं. सुरुवातीला वर्षातून दोनदा कुलूप निघतं, मग दिवाळीपुरतं, आणि आजी-आजोबा गेले की तेही थांबतं.

यानंतर वारसांचा प्रश्न येतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. दोन गुंठ्यांचं, म्हणजे २,१७८ चौरस फुटांचं घर आहे. मूळ पुरुषाला तीन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला तीन अपत्यं. नातवंडांच्या पिढीत हिस्सेदार १५ होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १४५ चौरस फूट येतात: बारा बाय बाराची एक खोली. ती विकता येत नाही, बांधता येत नाही, तिच्यासाठी कोर्टात जाणं परवडत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. हे न्याय्यच झालं. पण हक्क वाढले तशी ते नोंदवण्याची सोय वाढली नाही. भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावर आजोबाच राहिले, पालिकेच्या आकारणी नोंदवहीतही आजोबाच राहिले.

या गोंधळात घरपट्टी कोण भरणार? इथे एक समज आडवा येतो. पावती ज्याच्या नावे, घर त्याचं, असं गावोगाव मानलं जातं. म्हणून एका भावाने भरायला काढली की बाकीच्यांच्या मनात पाल चुकचुकते, आणि भरणाऱ्यालाही वाटतं की मी एकट्याने का भरायची, फायदा तर सगळ्यांचा. वास्तविक करपावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलं आहे. भरणाऱ्याचा हिस्सा वाढत नाही, न भरणाऱ्याचा घटत नाही. तरी पावती पुस्तकातच राहते.

शास्तीचं गणित

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ हा इस्लामपूरसारख्या शहरांचा मूळ कायदा. त्यात वसुलीच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग वॉरंट, जंगम मालाची जप्ती आणि शेवटी स्थावराची जप्ती व विक्री. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. वर्षाला १,२०० रुपये घरपट्टीचं एखादं बंद घर दहा वर्षं थकलं तर मूळ कर होतो १२,००० रुपये. प्रत्येक वर्षाच्या थकबाकीवर सरळ २४ टक्क्यांनी शास्ती धरली तर ती भरते १५,८४० रुपये. म्हणजे शास्ती मुद्दलाच्या पुढे जाते. पंधरांपैकी एखाद्या नातवाला दहाव्या वर्षी सद्बुद्धी झाली, तरी आकडा पाहून तो मागे फिरतो.

राज्य सरकारने ही अडचण ओळखली आहे. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नगरपरिषदांच्या थकीत करावरची शास्ती अंशतः माफ करून अभय योजना राबवण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करायचं ठरवलं. लोकअदालतीतही अशी प्रकरणं तडजोडीने मिटतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या पाचशे-हजारच्या नोटा करापोटी चालतील म्हटल्यावर पालिकांच्या खिडक्यांवर रांगा लागल्या होत्या. निवडणुकीचा अर्ज भरायच्या वेळी उमेदवारही पै न पै चुकती करतात. जो समोर आहे, ज्याला काही मिळवायचं किंवा गमवायचं आहे, तो सवलत मिळाली किंवा गरज पडली की भरतो. बंद घराच्या बाबतीत समोर कुणी नाही. त्यामुळे अभय योजना कितीही उदार असली तरी तिचा हात या कुलपापर्यंत पोचत नाही.

मग पालिका थेट लिलाव का करत नाही? कायद्याने करता येतो. पण ज्या घराच्या वारसांचा पत्ता नाही, ज्यावर उद्या पंधरांपैकी कुणीही दावा ठोकू शकतो, ते घर विकत घेणार कोण? गावातल्या गावात भावकीचं घर लिलावात घेतलं हा बोलही नको असतो. नगरसेवकाला मतं हवीत, मुख्याधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली व्हायची असते. घर फारच झुकलं तर कलम १९५ खाली धोकादायक बांधकाम उतरवण्याची नोटीस निघते, क्वचित पालिका ते उतरवतेही. खर्च मालमत्तेच्या नावे चढतो, घराची बखळ होते आणि बखळ तशीच पडून राहते.

आकारीपडाचा धडा

थकबाकीपोटी सरकारने मिळकत ताब्यात घ्यायची, हे महाराष्ट्राला नवीन नाही. जमीन महसुलाच्या कायद्यात ते फार आधीपासून आहे. शेतसारा किंवा तगाई थकली, लिलाव पुकारला आणि बोली बोलायला कुणी आलं नाही, तर जिल्हाधिकारी नाममात्र बोलीने ती जमीन सरकारच्या नावे करून घेत. त्या जमिनी आकारीपड म्हणून नोंदल्या गेल्या. बारा वर्षांच्या आत थकबाकी भरली तर जमीन परत मिळण्याची तरतूद होती. मुदत टळली की दार बंद. बऱ्याच ठिकाणी मूळ शेतकऱ्याचं कुटुंब तीच जमीन कसत राहिलं, सातबारावर मात्र सरकार. जमीन ना सरकारच्या उपयोगाला आली, ना शेतकऱ्याला तिच्यावर कर्ज काढता आलं. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम भरून घेऊन या जमिनी मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत करण्याचा निर्णय घेतला. राज्यभरात मिळून अशी जमीन होती ४,८४९ एकर.

मिळकत ताब्यात घेणं ही सर्वांत सोपी पायरी आहे. ती कशासाठी घ्यायची, किती काळ धरायची, कुणाला द्यायची आणि मूळ मालक आला तर त्याच्यासाठी कोणता रस्ता मोकळा ठेवायचा, हे आधी ठरलं नाही तर सरकारी ताबा म्हणजे दुसरं कुलूपच.

फ्लिंटने काय केलं, जपानने काय केलं

अमेरिकेत याच कामासाठी लँड बँका निघाल्या. आपल्याकडे कारखान्यांसाठी जमीन राखून ठेवण्याला हा शब्द वापरतात. तिथे त्याचा अर्थ करबुडीत, सोडून दिलेल्या घरांची व जागांची जबाबदारी घेणारी सार्वजनिक संस्था असा आहे. सेंट लुईसने १९७१ मध्ये सुरुवात केली. पण गाजलं ते मिशिगन राज्यातलं फ्लिंट. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेलं हे शहर १९६० मध्ये जवळपास दोन लाखांचं होतं, २०२० मध्ये ८१ हजारांवर आलं. जुन्या पद्धतीत सरकार थकबाकीचा हक्क खासगी सटोडियांना विकायचं. ते व्याज खायचे, घर सडायचं आणि निकाल लागायला वर्षानुवर्षं जायची. १९९९ मध्ये मिशिगनने कायदा बदलला. साधारण तिसऱ्या वर्षाअखेर न्यायालयाच्या हुकमाने मालकी स्वच्छ होऊन परगण्याच्या (काउंटीच्या) खजिनदाराकडे यायची. २००३ च्या कायद्याने लँड बँकांना अधिकार मिळाले. जेनेसी परगण्याचे तेव्हाचे खजिनदार डॅन किल्डी यांनी फ्लिंटमध्ये ही घरं एकेक करून तपासायला घेतली: जी वाचतील ती दुरुस्त, जी वाचणार नाहीत ती जमीनदोस्त, आणि मोकळी झालेली बखळ शेजाऱ्याला स्वस्तात. डेट्रॉइटच्या लँड बँकेने तर अशी लगतची जागा शेजारी राहणाऱ्याला १०० डॉलरला दिली. ज्याला त्या बखळीचा सर्वांत जास्त त्रास, त्याचाच तिच्यावर पहिला विचार.

अशा कायद्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कर थोडा, घर मोठं, आणि विक्रीतली सगळी रक्कम सरकारच्या खिशात, असे प्रकार झाले. मिनेसोटातल्या एका वृद्धेचा फ्लॅट सुमारे १५ हजार डॉलरच्या थकबाकीपोटी ४० हजारांना विकला गेला आणि वरचे २५ हजारही परगण्याने ठेवून घेतले. ९४ वर्षांच्या त्या बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. मे २०२३ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला: सरकारने आपलं येणं घ्यावं, उरलेला पैसा मालकाचा.

फ्लिंटचं औषध जसंच्या तसं इस्लामपूरला चालणार नाही, कारण रोग वेगळा आहे. फ्लिंटमधल्या घराला गिऱ्हाईकच नव्हतं. इस्लामपूरच्या गावठाणातल्या जागेला गिऱ्हाईक आहे, भाव आहे, शेजारी घ्यायला तयार आहे. विकायला हक्काने सही करणारा माणूस नाही. या बाबतीत जपान आपल्या जवळचं आहे. तिथे रिकाम्या घरांची संख्या २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख भरली. वारसांनी नोंद न केल्यामुळे मालकाचा थांग न लागणारी जमीन क्युशू बेटापेक्षा मोठी असल्याचा अंदाज निघाला, तेव्हा सरकार हललं. १ एप्रिल २०२४ पासून वारसाने मिळकतीची नोंद तीन वर्षांच्या आत करणं सक्तीचं झालं. न केल्यास दंड. पडीक, धोकादायक घर नोटिशीनंतरही न सावरल्यास जमिनीच्या करातली सवलत काढून घेण्याची सोय तिथे आधीच झाली होती. जपानने घरं हिसकावली नाहीत, आधी वारस कागदावर आणायला घेतले.

इस्लामपुरात काय करता येईल

आपल्याकडे सुटे भाग सगळे आहेत. करवसुली नगरपालिकेकडे, मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयाकडे, दस्त दुय्यम निबंधकाकडे. मालक मृत्युपत्राविना गेला आणि कुणी ज्ञात वारस नसेल तर जमीन महसूल संहितेच्या ३४ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी ताबा घेतात, आणि तीन वर्षांच्या आत दावा करायची संधी वारसाला असते. नवी साधनंही येत आहेत. शहरी जमिनींच्या नव्या मोजणीसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नक्शा’ हा प्रायोगिक कार्यक्रम देशातल्या १५२ शहरांत सुरू केला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत पुन्हा बंद दारांची नोंद होईल. तुटलेलं आहे ते या सगळ्यांना जोडणारं सूत्र. बंद घर कुणाचंच काम नाही.

हे काम एकट्या नगरपालिकेच्या कर विभागाला पेलणारं नाही, हे फ्लिंटच्या अनुभवातही दिसलं. म्हणून तिथे परगण्याने ते अंगावर घेतलं. सांगली जिल्ह्यात इस्लामपूर, आष्टा, विटा, तासगाव, जत, पलूस या नगरपरिषदा आहेत, शिराळा, आटपाडीसारख्या नगरपंचायती आहेत. या सगळ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली एकच कक्ष असावा: भूमापनाचा एक जाणकार, एक वकील, एक अभियंता. त्याने पहिल्या वर्षी फक्त यादी करावी. कोणतं घर किती वर्षं बंद, किती थकबाकी, पत्रकावर कुणाचं नाव, भिंतींची अवस्था काय. दुसरं काम वारस शोधण्याचं. पुण्या-मुंबईला गेलेला माणूस हरवलेला नसतो. भावकीतल्या चार जणांना विचारलं तर त्याचा नंबर मिळतो. वारस एकत्र आले तर शास्ती माफ, नोंद आणि हक्कसोड पत्र यांचं काम एकाच टेबलावर. रक्ताच्या नात्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोड पत्राला मुद्रांक शुल्क नाममात्रच आहे. कठीण असतं ते सगळ्यांना एका दिवशी एका खिडकीपाशी आणणं.

वारस सापडले पण त्यांना घर नको आणि विकायचंही जमत नाही, अशा वेळी ठरावीक मुदतीसाठी ती जागा पालिकेने वापरावी. गावठाणात अंगणवाडीला जागा नाही, वाचनालयाला नाही, वृद्धांना बसायला नाही, दुचाकी लावायला नाही. मुदतीचा लेखी करार, त्या काळाची घरपट्टी माफ आणि मालकी जशीच्या तशी. आणि सगळे उपाय थकल्यावर, न्यायालयाच्या देखरेखीखाली विक्री: लगतच्या शेजाऱ्याला पहिली संधी, कर व खर्च वजा जाता उरलेला प्रत्येक रुपया वारसांच्या नावे ठेवीत, दावा करायला पुरेशी मुदत. यासाठी १९६५ च्या कायद्यात दुरुस्ती लागेल. पालिकेच्या मिळकती भाड्याने देण्यावर आणि विकण्यावर ९२ व्या कलमाची बंधनं आहेत. ती योग्यच आहेत, कारण अशी योजना उद्या कुणा बिल्डरचं मोक्याच्या जागा गोळा करण्याचं साधन होऊ शकते. म्हणून यादी, लिलाव, ठेवी, सगळं फलकावर आणि संकेतस्थळावर उघडं असलं पाहिजे. कुलूपबंद घराचा मालक गरीब, निरक्षर असू शकतो किंवा एखादी विधवा. त्याच्यापर्यंत निरोप पोचल्याची खात्री झाल्याखेरीज एकही घर जाता कामा नये.

पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना मिळणारं अनुदान मालमत्ता कराच्या सुधारणेशी जोडलं, तेव्हापासून पालिकांवर वसुलीचा दबाव वाढला आहे. तो राहत्या घरांवरच टाकत राहणं अन्याय आहे. आकडा फुगवायला बंद घरं मागणीत धरायची आणि ती वसूल होणार नाहीत हे मनात धरूनच अंदाजपत्रक मांडायचं, ही रीत संपली पाहिजे.

सरकार करेल तेव्हा करेल. पण दिवाळीत बऱ्याच घरांत भाऊबंद, बहिणी, आत्या, चुलते एकत्र आलेले असतील. फराळ झाला की एक काम करा. गावच्या घराचं मालमत्ता पत्रक ऑनलाइन काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा. आजोबांचं असेल तर वारसनोंदीचा अर्ज याच दिवाळीत लिहा, बहिणींच्या नावांसकट. थकबाकी किती ते पालिकेत विचारा आणि सगळ्यांनी वाटून भरा. घर ठेवायचं की विकायचं, हा निर्णय पुढच्या वर्षी घेता येईल. तो घेण्याचा अधिकार असलेली माणसं आज कागदावर आणा.